खजूर लावण्यापूर्वी त्या झाडाचा स्वभाव समजून घ्यावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांच्या शेतीविषयक पानांवर आणि त्याहून अधिक समाजमाध्यमांवर खजूर लागवडीच्या यशोगाथा वारंवार वाचायला मिळतात. अवर्षणप्रवण भागातला एखादा शेतकरी एकर-दोन एकर रान खजुराखाली आणतो, पिवळ्याधमक घडांशेजारी उभे राहिलेले त्याचे छायाचित्र प्रसिद्ध होते आणि वाळवंटातले झाड आता आपल्या दुष्काळी माळावर फळू लागल्याचा आनंद मथळ्यातून व्यक्त होतो. कष्ट करून वेगळी वाट धरणाऱ्या या शेतकऱ्यांविषयी मला आदर आहे आणि त्यांचे यश खोटे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. माझा आक्षेप आहे तो त्या मथळ्यामागच्या समजुतीला. खजूर वाळवंटात वाढतो, म्हणून तो कमी पाण्यावर येतो, ही ती समजूत. वनस्पतिशास्त्र शिकविण्यात माझी हयात गेली आहे आणि कच्छमधल्या खजुराच्या बागा मी हिंडून पाहिल्या आहेत, त्यामुळे या एका समजुतीपायी कर्ज काढून महागडी रोपे लावणाऱ्या शेतकऱ्याचे काय होऊ शकते याची काळजी वाटते. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

खजूर वाळवंटात वाढतो हे खरे, पण वाळवंटात तो सगळीकडे वाढत नाही. जिथे जमिनीखाली पाणी हाताशी आहे, झरा आहे किंवा नदी आहे, तिथेच तो दिसतो. सहारातली मरूद्याने ही खजुराची घरे आहेत आणि मरूद्यान म्हणजे वाळूच्या पोटातून पाणी वर आलेली जागा. इराकमध्ये युफ्रेटिस आणि टायग्रिस या नद्या एकत्र येऊन शत्त अल-अरब नावाने समुद्राला मिळतात. तिथल्या बसरा परिसरातल्या जगप्रसिद्ध खजूरबागांना शतकानुशतके भरतीच्या जोराने पाणी मिळत आले. समुद्राला भरती आली की नदीचे गोडे पाणी मागे सरून पाटांत शिरायचे आणि झाडांच्या मुळांशी पोहोचायचे. दिवसातून दोनदा पाणी पिणारे हे झाड होते! पाय पाण्यात आणि डोके आगीत, असे अरबी भाषिक लोक खजुराविषयी म्हणतात, ते या झाडाचे अत्यंत नेमके वर्णन आहे. आपण त्यातली आग तेवढी उचलली आणि पाणी विसरलो.

आगीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तापमापकाचा पारा ५० अंश सेल्सियसपर्यंत गेला तरी खजुराची पाने करपत नाहीत. फळ तयार होण्यासाठी त्याला दीर्घ, कडक आणि कोरडा उन्हाळा लागतोच. खारेपणा सोसण्यातही फळझाडांमध्ये त्याच्या तोडीची झाडे फारच थोडी आहेत. ज्या पाण्यावर लिंबू-संत्र्याची पाने कडेने जळू लागतात, त्या पाण्यावर खजूर तगतो. अवर्षणातही तो सहसा मरत नाही. मात्र तगणे आणि फळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याचा ताण पडला की झाड हिरवे दिसत राहते, पण नव्या झावळ्या कमी निघतात, पोयी, म्हणजे फुलोऱ्याचे कोंब, कमी येतात, फळ लहान राहते आणि गळते. आखाती देशांत पूर्ण वाढलेल्या एका झाडाला भर उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी द्यावे लागते. आपल्याकडे ८ मीटर बाय ८ मीटर अंतरावर लागवड केली तर एकरी ६२-६३ झाडे बसतात. म्हणजे उन्हाळ्यात एकराला रोज निदान सहा हजार लिटर पाणी धरून चालावे लागेल. आपल्या गावांत पिण्याचे पाणी घेऊन येणारा दहा-बारा हजार लिटरचा टँकर या हिशेबाने एका एकराला जेमतेम दोन दिवस पुरेल.

कोणी म्हणेल, उसाला याहून जास्त पाणी लागते. लागते, हे मान्यच आहे. परंतु पाऊस झाला नाही तर उसाचा शेतकरी पुढच्या वर्षी ऊस लावत नाही, ज्वारी-हरभऱ्यावर येतो. खजुराचे झाड मात्र पन्नास वर्षे आणि त्याहून जास्त काळ उभे राहणार, आणि दर उन्हाळ्याला पाणी मागणार. तेही नेमके कधी? माघ-फाल्गुनात पोयी फुटतात, चैत्र-वैशाखात फळ पोसते आणि ज्येष्ठात त्याला रंग चढतो. विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि विंधन विहिरी हवा ओकू लागतात, त्याच तीन महिन्यांत या झाडाची गरज सर्वांत मोठी असते. ज्याच्याकडे शेततळे भरलेले आहे किंवा बारमाही पाण्याची सोय आहे त्याने खजूर जरूर लावावा. ज्याच्याकडे पाणी नाही म्हणून तो खजुराकडे वळतो आहे, त्याला कोणीतरी वेळीच थांबविले पाहिजे.

या झाडाची घडणच इतर फळझाडांपेक्षा इतकी निराळी आहे की आंबा, डाळिंब, सीताफळ यांच्यावर कमावलेला अनुभव इथे फारसा उपयोगी पडत नाही. खजूर, म्हणजे शास्त्रीय भाषेत फीनिक्स डॅक्टिलिफेरा, हे नारळ, ताड, सुपारी यांच्या कुळातले एकदल झाड आहे. त्याला सोटमूळ नसते. बुंध्यापासून सुटलेली दोरीसारखी तंतुमुळे खोलवर आणि दूरवर पसरतात. द्विदल झाडाच्या सालीखाली वाढीचा जो थर असतो आणि ज्याच्यामुळे खोड दरवर्षी जाड होत जाते, तो थर खजुराच्या खोडात नसतोच. त्यामुळे झाड उंच होते, वीस मीटरच्याही वर जाते, पण एकदा तयार झालेला बुंधा पुढे जाड होत नाही. शिवाय खोडाला झालेली जखम कधीच भरून येत नाही. आंब्याच्या फांदीवरचा घाव काही वर्षांत सालीने झाकला जातो. खजुराच्या खोडावरची कुऱ्हाडीची खूण झाड असेपर्यंत तशीच राहते.

सर्व वाढ शेंड्यातल्या एकाच कोंबातून होते. बाहेरून काहीच दिसत नाही, झावळ्यांच्या तळव्यांनी आणि तपकिरी जाळीदार तंतूंनी तो घट्ट वेढलेला असतो. तो कोंब मेला की झाड मेले, छाटणी करून नवी फूट घेण्याचा मार्गच नाही. पान तीन ते पाच मीटर लांब असते आणि कित्येक वर्षे झाडावर टिकते. पानाच्या देठाजवळच्या पर्णिका टोकदार काट्यांत बदललेल्या असतात आणि ते काटे बोटभर लांबीचे व इतके कडक असतात की परागीभवनाच्या आधी ते छाटल्याशिवाय माणसाला शेंड्याजवळ हात घालता येत नाही. नारळाची झावळी आणि खजुराची झावळी शेजारी ठेवून पाहिली, तर एक फरक सहज ध्यानात येतो. नारळाची पर्णिका पालथ्या पन्हळीसारखी, मधली शीर वर धरून खाली दुमडलेली असते, तर खजुराची उताण्या पन्हळीसारखी वर दुमडलेली असते. पिसासारखी पाने असलेल्या ताडवर्गीय झाडांमध्ये वरच्या बाजूने दुमडलेली पर्णिका ही फीनिक्स या प्रजातीची हमखास ओळख मानली जाते.

आता या झाडाच्या सर्वांत महत्त्वाच्या वैशिष्ट्याकडे येतो. नर आणि मादी ही झाडे वेगवेगळी असतात. फळ फक्त मादीला येते आणि नराचा पराग तिच्या फुलांपर्यंत पोहोचल्याशिवाय ते नीट धरत नाही. निसर्गात हे काम वारा करतो, पण वाऱ्यावर विसंबायचे तर बागेत निम्मे नर ठेवावे लागतील. म्हणून माणसाने हे काम फार पूर्वीच आपल्या हातात घेतले. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या कायद्यात खजूरबागांविषयी स्वतंत्र कलमे आहेत. मालकाने बाग परागीभवनासाठी माळ्याकडे सोपविली, तर उत्पन्नाचा दोन तृतीयांश वाटा मालकाचा. माळ्याने काम न केल्यामुळे उत्पन्न घटले, तर शेजारच्या बागेच्या उत्पन्नाप्रमाणे त्याने भरपाई द्यायची. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. माळ्याने नवी बाग लावली तर चार वर्षे तिची जोपासना करायची आणि पाचव्या वर्षी मालकाने आणि त्याने उत्पन्न अर्धे-अर्धे वाटून घ्यायचे. आज रोपवाटिका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भरघोस उत्पन्नाचे आश्वासन देतात, त्यांच्यापेक्षा तो प्राचीन कायदा शेतकऱ्याशी अधिक प्रामाणिक होता.

कच्छच्या मुंद्रा तालुक्यातल्या बागांमध्ये हे परागीभवन मी अगदी जवळून पाहिले आहे. नराची पोय फुटायच्या बेतात आली की ती कापून खाली आणतात. वरचे जाड आवरण सोलले की आत पांढऱ्या, मेणचट फुलांच्या आखूड काड्यांचा दाट झुपका असतो आणि बोट लावताच पिवळसर, पिठूळ पराग उडतो. मादीची पोय उकलल्यानंतर दोन-तीन दिवसांतच काम उरकावे लागते. माणूस कमरेला दोर बांधून शेंड्यापर्यंत चढतो, मादीच्या लांब काड्यांचा झुबका हाताने मोकळा करतो, नराच्या चार-सहा काड्या उलट्या करून त्याच्या मध्यभागी खोचतो आणि झावळीच्याच पट्टीने वरून सैलसर बांधतो. एका झाडाच्या सगळ्या पोयी एकाच दिवशी फुटत नाहीत, म्हणून एकाच झाडावर त्याला पुन:पुन्हा चढावे लागते. परागीभवन झाल्यावर काही तासांत पाऊस आला तर सारे काम नव्याने करायचे. ज्या फुलाला पराग मिळाला नाही ते कसे ओळखायचे, हेही तिथल्या एका जाणत्या माळ्याने दाखविले. मादीच्या प्रत्येक फुलात तीन अंडाशय असतात. पराग मिळाला तर त्यातला एकच वाढतो आणि इतर दोन गळतात. नाही मिळाला, तर तिन्ही एकमेकांना चिकटून वाढतात आणि एका जागी तीन-तीन बारीक, बिनबियांची, कधीच नीट न पिकणारी फळे लटकत राहतात. महाराष्ट्रातल्या एखाद्या बागेत अशी तिळी फळे दिसली तर खत-औषधांवर खर्च करू नये, परागीभवन चुकले आहे असे समजावे.

पन्नासेक माद्यांना एक नर पुरतो. पण तो नर हवा, त्याच वेळी फुलणारा हवा आणि चांगल्या परागाचा हवा. नराच्या परागाचा परिणाम फळाच्या आकारावर आणि पिकण्याच्या काळावरही होतो, हे अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ वॉल्टर स्विंगल यांनी १९२८ मध्ये खजुरावरच दाखवून दिले. रोपांसोबत दोन-चार नर रोपे फुकट देऊन रोपवाटिका आपली जबाबदारी संपवतात, तेव्हा ते नर कोणत्या वाणाचे आहेत हे विचारण्याचा शेतकऱ्याला हक्क आहे. पराग सुकवून थंड जागी साठविता येतो. त्यामुळे जिल्ह्याला एखादे परागकेंद्र उभारणे अवघड नाही, पण असे केंद्र हवे ही मागणीही अजून कुठे ऐकू येत नाही.

बियांपासून खजूर लावण्याचा मोह तर मुळीच धरू नये. बी उगवते, उत्तम उगवते. इस्रायलमधल्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे बी डॉ. सारा सॅलन आणि डॉ. इलेन सोलोवे यांनी २००५ साली रुजविले आणि त्याचे झाड झाले. त्याला मेथुसेलाह हे नाव दिले. फुले आल्यावर ते नर असल्याचे कळले. पुढे त्याच प्रकल्पात रुजविलेल्या दुसऱ्या प्राचीन बियांतून हॅना नावाची मादी मिळाली, तिला मेथुसेलाहचा पराग दिला आणि २०२० मध्ये पहिली फळे हाती आली. शास्त्रज्ञांना जिथे फुले येईपर्यंत थांबावे लागले, तिथे शेतकऱ्याने चार-पाच वर्षे पाणी घालून निम्मी झाडे नर निघाल्याचे पाहणे हे त्याला परवडणारे नाही. उरलेल्या माद्यांची फळेही आईसारखी येतील याची खात्री नसते. आता जनुकीय चाचणीने रोपावस्थेतही लिंग ओळखता येते, पण ती सोय आपल्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत आलेली नाही.

म्हणून जगभर खजूर फुटव्यांपासून वाढविला जातो. तरुण झाडाच्या बुंध्याशी काही वर्षे पिल्ले येतात, ती मूळ झाडाची हुबेहूब प्रत असतात. या पद्धतीची ताकद मेडजूल या प्रसिद्ध वाणाच्या इतिहासावरून समजते. मोरोक्कोत बुरशीजन्य बायूद रोगाने लक्षावधी झाडे मारली. त्या काळात, १९२७ साली, वर उल्लेख केलेल्या स्विंगल यांनी बू देनिब इथल्या एका झाडाचे ११ फुटवे अमेरिकेत नेले. रोगाची लागण नाही ना याची खात्री करण्यासाठी ते नेवाडातल्या एका निर्जन जागी कित्येक वर्षे वेगळे वाढविले. त्यातले ९ जगले आणि कॅलिफोर्नियातला आजचा मेडजूल त्या नवांचा वंशज आहे. एक फुटवा किती सावधपणे हलवावा, याचा हा धडा आहे. आपल्याकडे मिळतात ती बहुतेक ऊतिसंवर्धित, म्हणजे टिश्यू कल्चरची, रोपे. पद्धत चांगली आहे, मात्र बरही वाणाच्या अशा रोपांत खुजी वाढ किंवा फळधारणाच न होणे असे दोष अनेक देशांत नोंदले गेले आहेत आणि ते झाड फळावर येईपर्यंत उघड होत नाहीत. हजारो रुपयांचे एकेक रोप घेणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात केवळ पावती असते, वाणाची आणि लिंगाची लेखी हमी नसते.

पाण्याइतकाच, किंबहुना त्याहून कळीचा प्रश्न पावसाचा आहे. खजुराचे फळ हिरव्या किमरी अवस्थेतून पिवळ्या किंवा लाल, कडक खलाल अवस्थेत येते. मग टोकापासून मऊ पडत रुतब होते आणि शेवटी सुकून तमर, म्हणजे आपल्या दुकानांत मिळणारा पेंडखजूर होतो. खलालनंतरचे सगळे आठवडे कोरडे जावे लागतात. हवेत दमटपणा आला की फळ तडकते, आंबते, त्यावर बुरशी धरते. इराक, सौदी अरेबिया, इजिप्त या देशांना हे कोरडे आठवडे निसर्गाने दिले आहेत, भारतीय उपखंडाला दिलेले नाहीत. आपल्या उपखंडातल्या खजुराच्या साऱ्या परंपरा या एका अडचणीतून घडल्या आहेत. सिंधमधल्या खैरपूर भागात पावसाच्या धास्तीने फळ पिवळे असतानाच उतरवितात, उकळत्या पाण्यातून काढतात आणि उन्हात वाळवितात. तीच आपली खारीक. ओटीत हळकुंड-सुपारीबरोबर जी पडते, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात जिची पूड असते, ती खारीक पावसाशी केलेल्या तडजोडीतून जन्मली आहे. २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क बसले आणि २०२५ मध्ये तिथून होणारी आयात पूर्ण बंद झाली. तेव्हा खारकेच्या बाजारात जी चणचण जाणवली तिचे मूळ या भूगोलात आहे.

कच्छच्या शेतकऱ्यांनी दुसरी तडजोड केली. तिथे फळ पिवळे-लाल, करकरीत असतानाच, जून-जुलैत, ताजे विकतात आणि त्यालाच खारेक म्हणतात. मुंबईच्या फळबाजारात पावसाच्या तोंडावर पिवळ्या फळांचे घड येतात ते हेच. त्या कच्छी खारकेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथली बहुतांश जुनी झाडे बियांपासून वाढलेली, प्रत्येकाची चव वेगळी. गोड झाडे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवली आहेत आणि मुंद्रा येथे खजुरासाठी खास संशोधन केंद्रही आहे. इतके असूनही पाऊस पंधरा दिवस आधी आला की तिथल्या शेतकऱ्याचे हातचे पीक जाते. कच्छमध्ये मोसमी पाऊस पोहोचतो जूनच्या अखेरीस आणि पडतोही थोडा. आपल्याकडे रोहिणीत वळीव कोसळतो आणि मृगात पेरण्या सुरू होतात. २०२५ साली तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि त्याआधीच राज्यभर मे महिन्यात धो-धो पाऊस झाला. म्हणजे आपल्या दुष्काळी पट्ट्यात खजुराला पाणी हवे तेव्हा ते नसते आणि नको तेव्हा ते आभाळातून येते. खलाल अवस्थेतही तुरट न लागणारा बरही वाण आपल्याकडे त्यातल्या त्यात चालू शकतो तो एवढ्याचसाठी. घडांना पिशव्या बांधून आणि वेळेत उतरवून त्याचे पैसे होतात. मेडजूलसारखा, झाडावरच पूर्ण पिकावा लागणारा वाण दुष्काळी महाराष्ट्रात लावण्याचा सल्ला जो देतो, तो शेतकऱ्याचे हित पाहत नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

कीड हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. तरीही एक गोष्ट सांगणे भाग आहे. कोकणातल्या नारळ बागायतदारांना चांगला परिचित असलेला लाल सोंड्या भुंगा हा मूळचा आपल्याच भूभागातला. १९८०च्या दशकात तो आखातात पोहोचला आणि तेव्हापासून खजुराचा जगातला सर्वांत घातक शत्रू ठरला आहे. त्याच्या अळ्या खोडाच्या आत राहून गाभा पोखरतात. छिद्रातून तपकिरी रस आणि चावलेला भुसा बाहेर येऊ लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. लांबच्या देशांत तो गेला तो मुख्यतः हलविलेल्या झाडांबरोबर. आपल्या शहरांत गृहप्रकल्पांच्या प्रवेशद्वारांशी आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर शोभेसाठी मोठमोठी खजूरवर्गीय झाडे मुळासकट उपटून, ट्रकवर आडवी घालून आणली जातात. ती आणताना कोणतीही तपासणी होत असल्याचे दिसत नाही. त्यातली कित्येक पहिल्या-दुसऱ्या वर्षीच शेंड्यातून वाळतात आणि वाळलेली खोडे तशीच उभी राहतात. त्यांच्यात भुंगा असेल तर तो तिथून पुढे कुठे जाईल, याचा विचार संबंधितांनी करावा.

शोभेसाठी उपटल्या जाणाऱ्या या झाडांत आपल्या शिंदीचाही समावेश आहे आणि याचे मला विशेष दुःख होते. शिंदी, म्हणजे फीनिक्स सिल्व्हेस्ट्रिस, ही खजुराची सख्खी बहीण. ओढ्याकाठी, पाणथळ बांधांवर ती कोणी न लावता उगवते. हिच्यातही नर-मादी वेगळे, हिच्याही पर्णिका वर दुमडलेल्या, हिलाही एकच कोंब. फळ लहान आणि गर नावापुरता, म्हणून तिला कोणी फळझाड मानत नाही. पण आपली नीरा तिची, बंगालचा प्रसिद्ध हिवाळी गूळ तिचा, आणि लक्ष्मीपूजनाला हळद-कुंकू वाहून जिची पूजा करतो ती केरसुणी तिच्याच पानांची. रस काढलेल्या शिंदीच्या खोडाकडे एकदा निरखून पाहावे. एक वर्ष या बाजूला आणि पुढच्या वर्षी त्या बाजूला अशा खाचा घेत गेल्याने खोड नागमोडी दिसते, आणि न भरलेल्या त्या खाचा मोजून किती हंगाम रस काढला हे सांगता येते. केरसुण्या वळणाऱ्या कुटुंबांना आता फडे मिळविण्यासाठी लांब लांब हिंडावे लागते, कारण ओढे रुंद करताना आणि बांध कोरताना पहिली कुऱ्हाड शिंदीवर पडते. खजूर परदेशातून आणून लावण्याचा जो उत्साह आपण दाखवितो, त्याच्या काही अंशाने जरी आहे ती शिंदी राखली, तर तिला ना ठिबक लागेल, ना माणसाच्या हातचे परागीभवन.

महाराष्ट्रात खजुराला जागाच नाही, असे माझे मत नाही. उलट एका ठिकाणी त्याची कसून परीक्षा घ्यावी असे मला वाटते. सांगली-कोल्हापूर भागात, कृष्णा आणि पंचगंगेच्या काठची हजारो एकर जमीन अतिरिक्त पाण्याने क्षारपड झालेली आहे. तिथे पाणी आहे, खारेपणा आहे आणि दुसरे फळझाड टिकत नाही. भारी काळी, निचरा न होणारी माती आणि जूनचा पाऊस या दोन अडचणी तिथेही राहतीलच. पण ज्या झाडाने बसऱ्याच्या गाळात भरतीचे पाणी पिऊन शतके काढली, त्याचा प्रयोग कोरड्या माळापेक्षा या जमिनीवर आधी व्हायला हवा. असा प्रयोग एकट्या शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने करायचा नसतो, तो कृषी विद्यापीठांनी करायचा असतो.

राहुरी, परभणी आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांना माझी विनंती आहे की, राज्यात आजवर झालेल्या खजूर लागवडींची जिल्हावार पाहणी करून तिचे निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध करावेत आणि त्यात यशस्वी बागांइतकीच मोडलेल्या बागांचीही कारणे नोंदवावीत. रोपविक्रेत्याने वाण, लिंग आणि मूळ झाड यांची लेखी हमी दिल्याशिवाय ऊतिसंवर्धित खजुराच्या रोपांना अनुदान मिळू नये, असा नियम कृषी विभागाने करावा. परागीभवनाचे प्रशिक्षण पौष-माघात, पोयी फुटण्याआधी द्यावे, कारण एरवी दिलेले प्रशिक्षण उपयोगाचे नाही. आणि आपल्या दैनिकाला विनंती अशी की, यापुढे खजुराची यशोगाथा छापताना त्या शेतकऱ्याच्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी होते, त्याने फळ कोणत्या तारखेला उतरविले आणि नराची झाडे किती ठेवली, या तीन गोष्टी बातमीदाराने आवर्जून विचाराव्यात आणि छापाव्यात.

आपला विश्वासू,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
जिल्हा सोलापूर